चुकीच्या नावाचा जीवाणू : मानमोडी, जीनोम आणि विठ्ठलवाडीतले लसीकरण कार्ड

१/
विठ्ठलवाडी स्थानकातून बाहेर पडून उल्हासनगरात शिरणाऱ्या माणसाला पत्ता सांगितला जातो तो ‘कॅम्प चार’ असा. तेथे आज छावणी नाही आणि सैनिकही नाहीत. दुसऱ्या महायुद्धातील कल्याण कॅम्प फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्याला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. ‘कॅम्प’ हा शब्द मात्र पत्त्यांतून गेला नाही.

२/
या शब्दाने कोणाची दिशाभूल होत नाही, कारण त्यामागची हकीकत गावाला ठाऊक आहे. ज्या दिवशी ती हकीकत विसरली जाईल, त्या दिवसापासून हाच शब्द खोटी साक्ष देऊ लागेल. विज्ञानात असेच एक नाव आहे, ‘हिमोफिलस इन्फ्लुएन्झी’. याच परिसरातील तान्ह्या बाळांना ज्या रोगांविरुद्ध लस टोचली जाते, त्यांपैकी एका रोगाच्या जीवाणूचे हे नाव आहे आणि ते चुकीचे आहे.

३/
या थ्रेडचे म्हणणे एवढेच : हे नाव बदलू नये. मात्र ती चूक केव्हा झाली, का झाली आणि कोणी दुरुस्त केली, हे नावासोबत सांगितले गेले पाहिजे. १९९५ साली या जीवाणूच्या जीनोमचे संपूर्ण वाचन झाले. त्या घटनेचा खरा अर्थही या चुकीच्या इतिहासाशिवाय कळत नाही.

४/
आधी ओळख. हा जीवाणू माणसाच्या नाक-घशाच्या श्लेष्मल त्वचेवर राहतो. माणूस हेच त्याचे एकमेव नैसर्गिक घर. प्रयोगशाळेत वाढवायचा तर त्याला रक्तातील दोन घटक पुरवावे लागतात. म्हणून ‘हिमोफिलस’, म्हणजे रक्तप्रिय. बहुतेक वेळा तो निरुपद्रवी पाहुण्यासारखा असतो. त्याचे काही प्रकार मात्र लहान मुलांच्या रक्तात शिरतात, मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतात आणि जीव घेतात.

५/
‘इन्फ्लुएन्झी’ हा शब्द कोठून आला? १८८९-९० मध्ये ‘रशियन फ्लू’ची साथ जगभर पसरली. रॉबर्ट कॉख यांचे सहकारी रिचर्ड फायफर यांना बर्लिनमध्ये रुग्णांच्या कफात हा सूक्ष्म दंडाकृती जीवाणू वारंवार आढळला. १८९२ मध्ये त्यांनी जाहीर केले की इन्फ्लुएन्झाचे कारण सापडले आहे. जीवाणूला रोगाचेच नाव मिळाले.

६/
फायफर यांना हसण्यापूर्वी काळ पाहावा. कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जीवाणू दाखवला होता आणि पुढच्या दोन वर्षांत पटकीचा. प्रत्येक साथीमागे एक जीवाणू असणार, हे तेव्हाचे सर्वांत यशस्वी गृहीतक होते. तंबाखूच्या रोगाचे कारण जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होते, हे इव्हानोव्हस्की यांनी दाखवले तेही १८९२ मध्येच. ‘विषाणू’ ही कल्पना अजून जन्माला यायची होती. फायफर यांना जे दिसले ते खोटे नव्हते. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा होता.

७/
फायफर यांचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. १८९६ मध्ये मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ सुरू झाली. १८९७ मध्ये जर्मन सरकारने तिच्या अभ्यासासाठी एक आयोग मुंबईला पाठवला. त्यात गाफ्की, स्टिकर, डियुडोने यांच्यासोबत रिचर्ड फायफर होते. कॉख मागाहून येऊन मिळाले. ज्या शहरात एकवीस वर्षांनी फायफर यांच्या सिद्धान्ताची कठोर परीक्षा होणार होती, ते शहर त्यांनी स्वतः पाहिले होते.

८/
१९१७ मध्ये वर्गीकरण सुधारताना या जीवाणूला ‘हिमोफिलस’ हे नवे कुलनाम देण्यात आले. ‘इन्फ्लुएन्झी’ हे जातिनाम तसेच ठेवले गेले. त्यावर फारसा वाद होण्याचे कारण नव्हते. वर्षभरात परिस्थिती पालटली.

९/
जून १९१८. मुंबईत पोलीस शिपाई तापाने आजारी पडू लागले. त्यांतला एक गोदीत नेमणुकीस होता. पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. मुंबई इलाख्यातील बळींचा अंदाज दहा लाखांच्या आसपास आहे, तर संपूर्ण भारतासाठीचे अंदाज एक कोटीच्या पुढे जातात. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. अन्न महाग होते आणि शरीरे आधीच खंगलेली होती.

१०/
साथ मुंबईबाहेर पडली ती मुख्यतः रेल्वेने, हे त्या काळच्या आरोग्य अधिकाऱ्यांनीच नोंदवले आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग कल्याणला दुभंगतो. एक फाटा कसारा घाटाकडे जातो. दुसरा आजच्या विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या स्थानकांवरून कर्जतकडे आणि बोर घाट चढून पुण्याकडे. कल्याणच्या पुढचा हा दुसरा फाटा १८५६ पासून वापरात होता. आज लोकलच्या खिडकीतून दिसणारी वाट हीच त्या साथीची दख्खनकडे जाण्याची एक वाट होती.

११/
महाराष्ट्राच्या खेड्यांनी या रोगाला स्वतःचे नाव दिले : मानमोडी. हे नाव माणसाच्या अवस्थेवरून आले. रोग आला की मान टाकली जाई. त्या नावात कारणाचा दावा नव्हता, म्हणून ते कधी चुकलेही नाही. प्रयोगशाळेने दिलेले नाव कारण सांगण्याचे धाडस करत होते. चुकण्याची शक्यता त्या धाडसातच होती आणि दुरुस्त होण्याचीही. इतिहासाच्या अभ्यासकाला ही दोन्ही प्रकारची नावे लागतात. एक सांगते लोकांनी काय भोगले, दुसरे सांगते जाणकारांना काय वाटले.

१२/
१९१८ मध्ये जगभरच्या प्रयोगशाळा फायफर यांचा जीवाणू शोधू लागल्या. काही ठिकाणी तो बहुतेक रुग्णांत मिळाला, काही ठिकाणी क्वचितच. निरोगी माणसांच्या घशातही तो सापडत होता. तरीही न्यूयॉर्कमध्ये विल्यम पार्क यांनी त्याच्यापासून लस बनवली. ब्रिटनच्या युद्ध खात्याच्या मिश्र लसीतही तो होता. इन्फ्लुएन्झा रोखण्याचे काम या लसी करू शकत नव्हत्या, कारण त्यांचे लक्ष्यच चुकलेले होते. नाव चुकले की उपचारही चुकतो, तो असा.

१३/
निकाल लागला १९३३ मध्ये. लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी रुग्णाच्या घशातील द्राव जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला आणि फेरेट या प्राण्याच्या नाकात घातला. फेरेट आजारी पडले. इन्फ्लुएन्झाचे कारण विषाणू होते. फायफर यांचा जीवाणू एकेचाळीस वर्षांनंतर आरोपातून सुटला, पण आरोपाचे नाव त्याला चिकटून राहिले.

१४/
बहुतेक लोकप्रिय लेखन येथे थांबते : ‘चूक झाली, चूक सुधारली.’ हा सारांश अपुरा आहे. चुकीच्या नावामुळे या जीवाणूकडे जे लक्ष गेले, त्यातून काय काय निघाले ते पाहावे. १९१८ मध्ये ऑस्वल्ड एव्हरी यांनी तो वाढवण्यासाठी खास माध्यम तयार केले. हेच एव्हरी पुढे १९४४ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवणार होते की आनुवंशिकतेचे द्रव्य डीएनए आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२९ मध्ये पेनिसिलिनवरचा शोधनिबंध लिहिला, तेव्हा त्याच्या शीर्षकातच या बुरशीचा एक उपयोग नमूद होता : इतर जीवाणू मारून फायफर यांचा जीवाणू वेगळा काढणे.

१५/
१९३१ मध्ये मार्गारेट पिटमन यांनी दाखवले की या जीवाणूच्या काही वाणांभोवती शर्करेचे कवच असते. त्यांनी कवचाचे सहा प्रकार सांगितले, ए ते एफ. मुलांच्या मेंदूज्वराशी मुख्य संबंध होता तो ‘बी’ प्रकाराचा. आजचा ‘हिब’ हा शब्द येथून आला. इन्फ्लुएन्झाचा आरोप खोटा ठरला, पण या जीवाणूचा खरा गुन्हा कोणता, हे पिटमन यांच्या कामातून दिसू लागले.

१६/
१९७० मध्ये हॅमिल्टन स्मिथ यांना याच जीवाणूत डीएनए ठराविक जागी कापणारे विकर सापडले. १९७८ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. या विकरांना ‘हिंड’ म्हणतात. ‘ह’ हिमोफिलसचा, ‘इन’ इन्फ्लुएन्झीचा, ‘ड’ वाणाचा. जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळांत रोज उच्चारल्या जाणाऱ्या या शब्दात १८९२ ची चूक दोन अक्षरांनी शिल्लक आहे.

१७/
आता जीनोम. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोणत्याही स्वतंत्रपणे जगणाऱ्या जीवाचा संपूर्ण जीनोम वाचला गेला नव्हता. तोवर वाचले गेले होते ते विषाणूंसारखे छोटे मजकूर. क्रेग व्हेंटर यांच्या मेरिलँडमधील ‘द इन्स्टिट्यूट फॉर जीनोमिक रिसर्च’ या संस्थेला स्मिथ यांनी आपला जुना सोबती सुचवला : हिमोफिलस इन्फ्लुएन्झी, वाण आरडी. अमेरिकी सरकारी अनुदानाचा अर्ज नाकारला गेला, कारण परीक्षकांना ही पद्धत चालेल असे वाटले नाही. काम तरीही सुरू राहिले.

१८/
पद्धत अशी. एखाद्या पोथीच्या अनेक प्रती फाडून त्यांचे वेडेवाकडे कपटे करावेत. प्रत्येक कपटा वाचावा. ज्या दोन कपट्यांच्या कडांवरचा मजकूर सारखा असेल, ते जुळवावेत. असे हजारो कपटे जुळले की पोथी उभी राहते. येथे कपटे सुमारे चोवीस हजार होते आणि जुळवणी संगणकाने केली. उरलेल्या फटी माणसांनी स्वतंत्र प्रयोग करून भरल्या.

१९/
२८ जुलै १९९५ रोजी ‘सायन्स’ नियतकालिकात निकाल प्रसिद्ध झाला : १८,३०,१३७ अक्षरे आणि अंदाजे १,७४३ जनुके. सार्वजनिक संग्रहात जमा असलेल्या नोंदीत मात्र अक्षरे आहेत १८,३०,१३८. एका अक्षराचा फरक! त्याच वर्षी दुसरा जीनोम आला तो मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियमचा, म्हणजे श्लेष्मल त्वचेवरच राहणाऱ्या आणखी एका जीवाणूचा.

२०/
एका अक्षराने काय होते, हे विठ्ठलवाडीपासून दोन स्थानकांवर असलेल्या अंबरनाथला विचारावे. तेथील शिवमंदिरात शिलाहार काळातील शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यावरील शक ७८२ असा वाचला. नंतर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२ असा वाचला. एका अंकामुळे मंदिर दोनशे वर्षे पुढे सरकले आणि आज मंदिराचे वर्ष इसवी सन १०६० मानले जाते. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले. भाऊ दाजी स्वतः डॉक्टर होते. या दुरुस्तीने त्यांची थोरवी उणावली नाही.

२१/
शिलालेख असो वा जीनोम, मजकूर अचूक वाचणे ही पहिली पायरी आहे. अर्थ लावणे ही दुसरी. १९९५ च्या वाचनाबद्दल ‘जीवाणूचे रहस्य उलगडले’ असे लिहिण्याची सवय आहे. ती सोडली पाहिजे. वाचला गेलेला आरडी वाण कवच नसलेला, प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला आणि निरुपद्रवी होता. श्लेष्मल त्वचेला चिकटण्यासाठी घातक ‘बी’ वाणात आढळणारा जनुकांचा एक गट त्याच्यात नव्हताच. एका माणसाची जन्मपत्रिका वाचून त्याच्या भाऊबंदांचे चारित्र्य सांगता येत नाही.

२२/
तरीही या मजकुराचे मोल मोठे होते. १९९६ मध्ये ऑक्सफर्डच्या रिचर्ड मॉक्सन यांच्या गटाने त्यात चार-चार अक्षरांची पुनरावृत्ती होणाऱ्या जागा शोधल्या. अशा जागांवर नक्कल करताना चूक होते, एखादी पुनरावृत्ती वाढते किंवा गळते, आणि शेजारचे जनुक चालू किंवा बंद होते. त्यामुळे जीवाणूचे बाह्य रूप बदलत राहते आणि शरीराच्या रक्षकांना तो ओळखता येत नाही. म्हणजे या जीवाणूच्या जगण्यातच चुकीला जागा राखून ठेवलेली आहे.

२३/
आणि १९३३ च्या निकालालाही पुरवणी जोडावी लागली. २००५ पर्यंत १९१८ च्या विषाणूचाही जीनोम पूर्ण वाचला गेला. २००८ मध्ये मॉरेन्स, टॉबेनबर्गर आणि फाउची यांनी १९१८ मधील मृतांच्या फुप्फुसांचे जतन केलेले नमुने आणि जुने शवविच्छेदन अहवाल पुन्हा तपासले. त्यांच्या मते बहुतेक मृत्यू विषाणूमागून आलेल्या जीवाणूजन्य न्यूमोनियाने झाले असावेत. नाक-घशात एरवी शांत राहणारे जीवाणू जखमी फुप्फुसांत उतरले होते. त्यांत फायफर यांचाही जीवाणू होता.

२४/
म्हणजे फायफर पूर्ण चूक नव्हते आणि त्यांचे टीकाकार पूर्ण बरोबर नव्हते. घटनास्थळी असणे म्हणजे गुन्हेगार असणे नव्हे, हा पहिला धडा. मुख्य गुन्हेगार दुसरा ठरला म्हणून घटनास्थळी असलेले सगळे निर्दोष ठरत नाहीत, हा दुसरा. १९१८ चे अहवाल वाचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे दोन्ही लागतील. जीनोमने यातला कोणताही निवाडा दिलेला नाही. जीनोम हे एक साधन आहे, दप्तरखान्यातील कागदासारखे. प्रश्न वाचणाऱ्यालाच विचारावे लागतात.

२५/
श्रेय देतानाही हाच काटेकोरपणा हवा. हिबची लस जीनोममधून आली असे लिहिणे ही एक नवी चूक ठरेल. ती आली पिटमन यांनी ओळखलेल्या शर्करा-कवचातून. तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती नुसत्या शर्करेला दाद देत नाही, म्हणून ती प्रथिनाला जोडली गेली. अशी जोडलसी १९८७ पासून वापरात आली, जीनोमच्या आठ वर्षे आधी. जीनोम वाचून लसीचे घटक निवडण्याची वाट फळाला आली ती मेनिंगोकोकस-बी या दुसऱ्या जीवाणूच्या बाबतीत.

२६/
भारतात हिबचा प्रश्न खरोखर किती मोठा, यावर दीर्घ वाद झाला. १९९० च्या दशकात नागपूरसह सहा केंद्रांतील रुग्णालयांनी एकत्र पाहणी करून गंभीर आजारी मुलांत हा जीवाणू दाखवला. डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तमिळनाडूपासून पेंटाव्हॅलंट लस सरकारी कार्यक्रमात आली, नंतर टप्प्याटप्प्याने महाराष्ट्रासह देशभर. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ही लस बनवते. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे असताना ती टोचली जाते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस-बी आणि हिब या पाचांविरुद्ध.

२७/
येथे जुनी चूक पुन्हा जिवंत होऊ शकते. विठ्ठलवाडीतल्या एखाद्या आईने कार्डावरचा ‘हिब’ हा शब्द शोधला, तर तिला ‘इन्फ्लुएन्झा’ दिसेल. ही फ्लूची लस, असा समज होणे स्वाभाविक आहे. मग बाळाला सर्दी-ताप आला की ‘लस निकामी’ असा निष्कर्ष निघेल. पुढचा डोस चुकवण्यासाठी तेवढे कारण पुरते. हिबची लस इन्फ्लुएन्झा रोखत नाही. ती या एका जीवाणूमुळे होणारा मेंदूज्वर आणि न्यूमोनिया रोखते. १८९२ चा निष्कर्ष एकविसाव्या शतकातल्या मांडीवरच्या सुईपर्यंत असा पोहोचतो.

२८/
‘मग नावच बदला’, हा आक्षेप वजनदार आहे. जीवाणूंच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम मात्र सांगतात की केवळ अयोग्य वाटते म्हणून नाव रद्द करता येत नाही. या नियमात शहाणपण आहे. नाव बदलले तर शंभराहून अधिक वर्षांचे लेखन, अहवाल, लसींचे कागद यांचे धागे तुटतील आणि नव्या नावाखाली जुनी चूक दिसेनाशी होईल. दिसेनाशी झालेल्या चुकीपासून कोणी काही शिकत नाही.

२९/
नाव राहावे, पण हकीकतीसह. शाळेच्या पुस्तकात १९१८ ची साथ शिकवताना फायफर, मानमोडी आणि १९३३ ही तिन्ही यावीत. १९९५ च्या जीनोमची गोष्ट सांगताना कोणता वाण वाचला गेला आणि त्यातून काय कळले नाही, हेही सांगितले जावे. लसीकरण केंद्रावर ‘ही फ्लूची लस नाही, ही मेंदूज्वर आणि न्यूमोनियापासून संरक्षण देते’ हे एक वाक्य बोलले जावे. ‘कॅम्प चार’ म्हटल्यावर उल्हासनगरात कोणी सैनिक शोधत नाही. ‘हिब’ म्हटल्यावर कोणी फ्लू शोधू नये, एवढी ओळख या शब्दाचीही व्हायला हवी.